तुला आधी कळलं

अवसरी बुद्रुक,
मंगळवार

प्रिय नूतन,

तोंडावर मी तुला नूतनताई म्हणते, अहो-जाहो करते. ते मानापेक्षा अंतर ठेवायला, हे तुला कळत असणारच. आज कागदावर तू म्हणते. फोन केला असता, पण माझा आवाज चढला असता.

तुझ्या गळ्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. तुला बघायला आम्ही वारूळवाडीला आलो होतो, तेव्हा चहा झाल्यावर यांनी तुझ्या हातातून कप घेतले आणि मोरीत बसून विसळले. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या घरात यांनी कप विसळलेला मी पाहिलेला नाही. परतल्यावर यांचा चहाचा कप मी दोन दिवस तसाच मोरीत पडू दिला.

खरं तर हे लग्नापासूनचं आहे. यांच्या छातीवर गोंदलेले बारीक निळे ठिपके मी पहिल्यांदा पाहिले आणि विचारलं. तर म्हणाले, "रेडिएशनच्या खुणा हायेत. नूतनला पन आशाच हायेत." तेरा वर्षांची तुम्ही दोघं, मुंबईच्या एकाच वॉर्डात, दोघांच्या मानेत तीच कॅन्सरची गाठ, एकाच मशीनखाली पाळीपाळीनं झोपायचात. तू यांना अम्या म्हणतेस. मी चारचौघांत यांचं नावही घेत नाही. दरवर्षी शेवटच्या रेडिएशनच्या तारखेला तुमचा फोन ठरलेला. त्या दिवशी मी मुद्दाम मिक्सर लावून चटणी वाटत बसते. हसू नकोस.

मग तुला थायरॉईडची गाठ निघाली, तिचंच ते ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, लहानपणीच्या रेडिएशनमुळे इतक्या वर्षांनीही असं होऊ शकतं. तू आधी यांना फोन केलास, "अम्या, तू पण तपासून घे." हे हो म्हणाले आणि बटाट्याच्या लागवडीला लागले.

पंधरा दिवसांपूर्वी मी शेतात भाकरी घेऊन गेले. हे बांधावर पाठमोरे बसून फोनवर बोलत होते, "नूतन, मला पन लागतीय बघ. डाव्या बाजूला, सुपारीएवढी. घरी नगं सांगू." मी तिथंच थांबले. देवाशप्पथ सांगते, मला आधी भीती वाटायला हवी होती. मला आधी राग आला. रोज शेजारी मी झोपते, आणि गाठ तुला आधी कळली.

घरी आल्यावर मी सरळ यांच्या मानेला हात लावला. त्यांनी झटकला. "मोहिनी, तू न्हाई त्यातली. त्या वार्डात काय असतं, तुला न्हाई ठाव." नाही ठाऊक. त्यात माझा काय गुन्हा?

आता जे लिहायचं ते लिहिते. शनिवारी तुझा फोन आला तेव्हा यांनी तुला सांगितलं, पुण्याला जाऊन आलो, सगळं नॉर्मल आहे. मी आतून ऐकत होते. नूतन, ते गेलेलेच नाहीत. गेलो म्हणाले त्या दिवशी दिवसभर बटाट्यावर औषध फवारत होते. मी विचारलं, तर म्हणाले, एकदा जगलो तेवढं बास, परत त्या मशीनखाली जायाचं न्हाई.

मी तुला लगेच कळवायला हवं होतं. नाही कळवलं. यांची एक गोष्ट मला माहीत होती आणि तुला नव्हती. दोन दिवस मी ते सुख भोगलं. काल त्याचीच लाज वाटली आणि पुण्याला फोन लावला.

गुरुवारी सकाळी अकराची वेळ मी पुण्याच्या डॉक्टरांकडे घेतली आहे. पत्र तिकडे निघालेल्या शेजारच्या सूरजभाऊंच्या हाती देते आहे, आजच मिळेल. तू सातला ये. मी म्हटलं तर ते शेतात निघून जातील, तुझ्यापुढे त्यांचं खोटं टिकणार नाही. गाडीत पुढे तू बस. तपासणीलाही तूच आत जा, त्यांना तू लागशील. फक्त डॉक्टर निकाल सांगायला बसतील तेव्हा मला बाहेरून बोलाव. जे असेल ते मला तुझ्याबरोबर कळू दे. तुझ्यानंतर नको.

आजपासून तरी तुझीच,
मोहिनी