कापसाची वाट

पिंप्राळा, जळगाव
३ ऑगस्ट २०२४

ती. नाना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि या विषयावर तर मुळीच येत नाही, म्हणून पत्र. तुमची नात या पंचवीस तारखेला शिकायला लिथुआनियाला निघते आहे. तुम्ही बोलणं टाकलंत तेव्हापासून मयुरीने नव्या बॅगेला हात लावलेला नाही.

सध्या तिला एकच खूळ आहे, आकाशगंगेला कोण काय म्हणतं. ग्रीकांना तिथे दूध दिसलं, गॅलॅक्सी हा शब्द त्या दुधातूनच आला. स्वीडनमध्ये ती हिवाळ्याची वाट. क्रोएशियात धर्मपित्याचा पेंढा, चोरून नेताना सांडत गेला म्हणे. आणि ही जाते आहे तिथे पाखरांची वाट. तिच्या खुणेने पाखरं दूर देशी जातात, असं तिथले जुने लोक मानत. काल भांडी पुसताना म्हणाली, लहानपणी खळ्यात झोपवताना नाना वेगळंच काही सांगायचे, ते आठवत नाही. तुम्हाला विचारायला धजत नाही.

म्हणून मी विचारते. आणि निरोप द्यायला याल ना?

माझ्यावरचा लोभ थोडा तिच्याकडेही वळवावा.
तुमची चारुलता

नरडाणा
९ ऑगस्ट

चि. सौ. चारूस अ. उ. आ.

इकडे बठ्ठं बरं शे. कापूस गुडघ्याला लागला.

पोरीला सांग, ती कापसाची वाट. आमच्या लहानपणी भरल्या गाड्या जिनिंगला जायच्या, तेव्हा वाटेतल्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राही. परतताना अंधार पडे. बाबा रिकाम्या गाडीत झोपून जात. मी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून बघत राही. दोन्ही बाजूंना पांढरं, वर पांढरं, आणि बैल त्यातून आपले आपण घरी चाललेले. आपण खाली आहोत की वर, कळत नसे. ते पेंढावाले आपलेच भाऊबंद दिसतात. फक्त आमचा माल चोरीचा नव्हता.

आई मात्र गाडी निघण्याआधी तिच्यातून मूठभर कापूस काढून भिंतीतल्या देवळीत ठेवी. सगळंच भरून नेलं तर गाडीला परतायची ओढ राहत नाही, म्हणे. गाडी आली की त्याच्या वाती वळी.

पाखरांच्या वाटेचं मला सांगू नको. उडालेलं पाखरू कुणाच्या देवळीत काय ठेवून जातं? मी येणार नाही. गुडघे दुखतात.

राग आहे, पण माया त्याहून जुनी.
नाना

पिंप्राळा
४ सप्टेंबर

ती. नाना,
शि. सा. न. वि. वि.

गुडघे दुखणारा माणूस न कळवता सकाळच्या पॅसेंजरने येऊन दारात उभा राहतो, हे शोभतं का? आलात ते आलात, तिच्याशी एक अक्षर बोलला नाहीत. आम्ही रिक्षा शोधत होतो तोवर बॅगांपाशी बसून राहिलात. ती पाया पडली तेव्हा डोक्यावर नुसता हात ठेवलात. तेवढ्यावर पोर मुंबईपर्यंत रडली.

सुखरूप पोचली. मी तिची खोली झाडते आणि मध्येच खाली बसते. कप्पे इतके रिकामे आहेत नाना, की तुमच्या आईचं म्हणणं आठवून धस्स होतं.

एक विचित्र झालं. मी विणलेल्या लोकरी मोज्यांतला तिथे एकच निघाला. मी घर पालथं घातलं. ती हसते, म्हणते, आईने एका पायाची मुलगी पाठवली.

तब्येत सांभाळा, लोभ राखा.
चारुलता

नरडाणा
१० सप्टेंबर

चि. सौ. चारूस अ. उ. आ.

घर पुन्हा लावून ठेव. मोजा माझ्या देवळीत आहे. पिवळा, टाचेला गाठ आलेला. तुझं विणकाम काही सुधारलं नाही.

मयुरीला वेगळं पत्र टाकलं आहे, बोलायचं राहिलेलं सगळं त्यात आहे. तू फक्त इतकं सांग, दुसरा पाय गार पडला की कापसाच्या वाटेने निघावं. तिकडे बाभळी नसतील, तर पाखरांच्या वाटेने आली तरी चालेल.

तिला आशीर्वाद, तुला लोभ.
नाना