निवळेवाडीला जाणार म्हणजे जाणार

१६ जून २०२५, सोमवार. सकाळी सव्वाअकरा. माळेवस्ती, शाळेत.

ठरलं. सोलापूर सोडायचं. मुलं पाढे लिहीत आहेत, तोवर मुद्दे मांडून घेतो.

पाणी पाचव्या दिवशी. ऊन असं की डोकं चालत नाही. माणसं भांडतायत का जेवायला बोलावतायत, हे शेवटपर्यंत कळत नाही. पण खरं कारण पूनम. पोरगी चौथीत गेली. शहरातल्या चांगल्यातल्या चांगल्या इंग्लिश मीडियमला घातली, बूट दोन जोड घेतले, आणि तिचे गणिताचे सर वर्षभर वर्गात बसून मोबाइल बघत होते. पोरीला अजून भागाकार येत नाही. शिक्षकच असा बेजबाबदार निघाला तर आईबापांनी जायचं कुठं?

तिसरी-चौथीचा गोंगाट फार झाला. शेजारच्या वर्गातून शगुफ्ता मॅडम येऊन मुलांना गप्प बसवून गेल्या. बाई चांगली आहे, पण दुसऱ्याच्या वर्गात फार लक्ष घालते.

१७ जून. रात्री.

बायकोला, वैजयंतीला, शांतपणे सांगितलं, की आपण सहकुटुंब अशा भागात जातोय जिथं माणसं प्रेमळ आहेत आणि शाळा उत्तम आहेत. ती म्हणाली, आधी वरची टाकी भरली का बघून या. ती पोस्टात आहे. पोस्टातल्या माणसाला घाई कशाचीच नसते.

टाकी भरली नव्हती.

२४ जून, मंगळवार.

अर्धा दिवस रजा टाकून पूनमच्या शाळेत गेलो. प्रिन्सिपॉलबाईंना स्पष्ट सुनावलं. शिक्षक वर्गात असूनही नसल्यासारखा असतो, हा मुलांचा विश्वासघात आहे, असं म्हणालो. वाक्य मलाच आवडलं. बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता. म्हणालो, शिक्षण क्षेत्रात आहे. कुठल्या शाळेत, म्हणाल्या. मला उशीर होत होता म्हणून निघालो.

परत माळेवस्तीला जाण्यात अर्थ नव्हता. घरी येऊन झोपलो.

३ जुलै. दुपारी दोन, शाळेत.

सापडलं. कोल्हापूर जिल्ह्यात निवळेवाडी म्हणून गाव आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघितला. जिल्हा परिषदेचीच शाळा, आमच्यासारखीच, दोन खोल्या, पण प्रवेशाला वेटिंग लिस्ट. चौथीची पोरं स्वतः गोष्टी लिहितात. आजूबाजूच्या गावांतून लोक भाड्यानं खोल्या घेऊन राहायला येतात, पोरं तिथं शिकावीत म्हणून. व्हिडिओ तीनदा बघितला. चौथीतल्या एकदोघांनी मागून डोकावून बघितला, त्यांनाही आवडला.

अशी शाळा आमच्या इकडं का होऊ शकत नाही? माझ्या मते दोष हवेचा आहे.

११ जुलै, शुक्रवार. निवळेवाडी.

प्रत्यक्ष येऊन बघितलं. किरकोळ रजा दोन गेल्या, पण डोळे उघडले.

शिक्षक मुलांच्या आधी येतात. कुणी सांगत नाही, तरी येतात. भारत सर म्हणून आहेत, आमच्याच माळशिरसचे. त्यांचा वर्ग तासभर बघत बसलो. ते एकदाही खुर्चीत बसले नाहीत. मला बघून पाय दुखले. गावातली माणसं तर किती गोड. तीन घरी चहा, एका घरी जेवण. एक आजोबा म्हणाले, या की पाव्हणं, हितंच ऱ्हावा. शाळेमागं एक खोली रिकामी आहे, पुढं अंगण, नळाला चोवीस तास पाणी. मी तोटी सोडून चार वेळा खात्री केली. खोलीच्या मालकाला शब्द देऊन टाकला.

संकल्प: दिवाळीच्या आत इथं.

१४ जुलै, सोमवार.

वैजयंती जेवताना म्हणाली, जिल्हा परिषदेचीच शाळा पाहिजे असेल तर पूनमला तुमच्या माळेवस्तीत घाला की, शगुफ्ता मॅडम तर फार छान शिकवतात म्हणे.

मला ठसका लागला. पोटच्या पोरीला माझ्या शाळेत? मी तिथं नऊ वर्षं शिक्षक आहे. ती शाळा कशी आहे हे मला सांगायला नको.

२२ जुलै.

प्रयत्न करणाऱ्याला मार्ग मिळतोच. भारत सरांना आई एकटी असल्यामुळं सोलापूर जिल्ह्यात यायचंय. मला तिकडं जायचंय. आपसी बदली. ते माझ्या जागी, मी त्यांच्या जागी. फोनवर बोललो, ते तयार आहेत. फक्त म्हणाले, एकदा गावाला विचारतो. मला हसू आलं. बदलीत गावाचा काय संबंध?

म्हणजे माळेवस्तीलाही चांगला शिक्षक मिळणार. मी जाता जाताही या गावाचं भलं करून जातोय. हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

५ ऑगस्ट.

कुटुंबाला नव्या प्रदेशाची सवय लावायची म्हणून घरात सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद केली. पूनमला सांगितलं, यापुढं हळू आणि प्रेमानं बोलायचं. तिनं विचारलं, कुणाशी.

५ ऑगस्ट. रात्री.

शेंगाचटणीचा डबा वैजयंतीनं लपवला नव्हता, तिथंच होता. थोडी घेतली. फेकून देण्यापेक्षा बरं.

२० ऑगस्ट, बुधवार. निवळेवाडी.

स्थलांतराला सुरुवात. ऑर्डर येईपर्यंत हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. घरातलं लोखंडी कपाट मौलालीच्या टेम्पोत घालून इथं आणलं. मौलाली माळेवस्तीचाच, तिन्ही पोरं आमच्या शाळेत. मला रोज होटगी स्टेशनवरून शाळेपर्यंत तोच सोडतो. म्हणजे मी जातो त्या दिवशी.

वाटेत टेंभुर्णीपर्यंत मी त्याला शिक्षणाचं महत्त्व सांगत होतो. मग रस्ता चुकलाय हे लक्षात आलं. तो म्हणाला, सर, तुमीच म्हणला की हिकडनं चल. तिथून मागं फिरलो. त्यामुळं पुढच्या प्रवासातही त्याला शिक्षणाचं महत्त्व ऐकता आलं.

इथं आल्यावर मी कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते ठरवत होतो आणि मौलाली शाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. दुपारभर तिथंच होता. दोनदा हाक मारली तरी हलेना. शेवटी मालकाच्या मदतीनं मीच कपाट उचललं. कंबर धरली आहे. भारत सर आज दिसले नाहीत, गावातले चारपाच लोक घेऊन कुठंतरी बाहेर गेलेत म्हणे.

२१ ऑगस्ट. माळेवस्ती.

कुठं गेले होते ते कळलं. इथं आले होते.

शगुफ्ता मॅडमनी सांगितलं. मी काल निवळेवाडीत कपाट लावत होतो तेव्हा निवळेवाडीचे लोक गाडी करून माळेवस्तीला मला बघायला आले होते. मुलगी देण्याआधी घर बघतात तसं. दिवसभर थांबले. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आण्णा मेंढरं सोडून खास त्यांना भेटायला आले आणि त्यांनी माझी बाजू मांडली. म्हणाले, आमचं सर लई हुशार हाईत, पर त्यास्नी येळ न्हाय. चौथीच्या पोरांनीही आपापल्या परीनं मला सांभाळून घेतलं. सर कधी कधी येतात आणि मोबाइलवर छान छान शाळा दाखवतात, असं म्हणाली.

मॅडम हे सगळं खाली बघून सांगत होत्या. त्यांनी पाहुण्यांना काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

इंप्रेशन एकंदरीत बरं पडलं असावं.

२५ ऑगस्ट, सोमवार.

भारत सरांचा फोन. फार अवघडून बोलत होते. गावानं बैठक घेतली. ते सोलापूर जिल्ह्यात यायला तयार आहेत, पण दुसऱ्या कुणाशी तरी आपसी बदली करून. गावाचं म्हणणं, आमच्या पोरांचा प्रश्न आहे. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का. म्हणाले, नाही नाही, सगळे म्हणत होते माणूस लई गोड आहे, कधीही जेवायला या म्हणावं.

वाईट वाटलं. ते इथं लिहितो, दुसरीकडं कुठं बोलणार नाही. पण खचणाऱ्यांतला मी नाही. एका बैठकीनं प्रदेश बदलत नाही. आपसी नाही तर सर्वसाधारण बदली. निवळेवाडीला जाणार म्हणजे जाणार. खोली माझ्या शब्दावर आहे, कपाटही तिथंच आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी साडेअकरा, शाळेत.

मौलाली आणि त्याची बायको मदिनाबी दाखले मागायला आले. तिन्ही पोरांचे. मी म्हणालो, वा, कुठं निघालात? पोरांच्या शाळेसाठी गाव सोडायचं म्हणजे केवढी दूरदृष्टी. मनापासून बोललो. अशिक्षित माणसाला जे कळतं ते वैजयंतीला कळत नाही.

मौलाली मान खाली घालून म्हणाला, निवळेवाडीला, सर. तुमीच दावलं की. साखर कारखान्यात टेम्पोचं काम मिळतंय. मालक म्हणाला तुमची खोली रिकामीच पडलीय. कपाट हाय त्यात, ते आमी कुठं ठिवू, तुमचं तुमाला पोचवतो.

मी विचारलं, इथं काय कमी होतं. मदिनाबी बोलली. म्हणाली, धाकटी मॅडमच्या वर्गात हाय, तिला वाचता येतंय. थोरल्या दोघास्नी येत न्हाय. ते तुमच्याकडं हाईत.

मोठ्या आवाजात बोलली नाही. मुलं ऐकत होती.

दाखल्यांवर सही केली. खोलीचा शब्द मी दिला होता, मालकानं नव्हे, असं मालकानं फोनवर सांगितलं.

८ सप्टेंबर.

विचार केला. मदिनाबीचं म्हणणं एकांगी आहे. दोन इयत्ता, एक शिक्षक, त्यात वर पाठवायच्या ऑनलाइन माहित्या, त्यात माझा स्थलांतराचा प्रकल्प. देव जरी शिकवायला आला तरी काय करणार? शगुफ्ता मॅडमलाही दोनच इयत्ता आहेत, पण त्यांना प्रकल्प नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

आज मॅडमनी लक्षात आणून दिलं. मौलालीची तीन गेली, पट एकोणीसवर आला. तीस सप्टेंबरचा पट धरतात. विसाच्या आत राहिला तर दुसरं पद जाईल, म्हणजे मी. अतिरिक्त ठरणार आणि मग जिथं पाठवतील तिथं. अक्कलकोटच्या पलीकडं एक जागा आहे म्हणे, शेवटची एसटी चारला.

हवापालट हवाच होता. पण माझ्या अटींवर.

१५ ते १९ सप्टेंबर.

रोज शाळेत. पाच दिवस सलग. (नोंद: हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.) दुपारनंतर वस्तीवर घरोघर फिरलो. एकच पोर पाहिजे. लोकांनी ताक दिलं, घोंगडं टाकून बसवलं, पण पोर दिलं नाही. बाळाबाई म्हणून आहेत, त्यांचा नातू सहाचा झालाय. त्या म्हणाल्या, मॅडमच्या हाताखाली ठेवत असाल तर पुढच्या वर्साला बघू. पर तिसरीत गेल्यावर त्येचं काय, ते आत्ताच सांगा.

मी म्हणालो, तोवर मी निवळेवाडीला गेलेला असेन. त्यांनी लगेच विचारलं, नक्की का.

२३ सप्टेंबर.

वैजयंती संध्याकाळी घरी आली आणि पूनमचा शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर ठेवला. म्हणाली, मोठ्या शाळेतून काढली, उद्या माळेवस्तीत नाव घाला. पट वीस होईल.

मी म्हणालो, पोरीच्या भवितव्याचा खेळ करू नकोस. चौथी माझ्याकडं आहे. ती म्हणाली, माहीत आहे. म्हणून तर. मग ती हळूच म्हणाली, तुम्ही चांगलं शिकवायचात हो. लग्न ठरताना आमची माणसं तुम्हाला बघायला तुमच्या तेव्हाच्या शाळेतच आली होती, मीही दारात उभी राहून तुमचा तास ऐकला होता.

पाणी आलं म्हणून दोघंही उठलो.

२४ सप्टेंबर, बुधवार.

मोठा निर्णय घेतला. सरकारी शाळेच्या शिक्षकानं स्वतःचं मूल सरकारी शाळेत घालावं, हे तत्त्व मी आज प्रत्यक्षात आणलं. असे किती शिक्षक निघतील? वैजयंतीचा पाठिंबा आहेच.

पूनम पहिल्या ओळीत बसली. दिवसभर माझ्याकडं बघत होती. खुर्चीत बसलो की बघायची. मग उभाच राहिलो. भागाकार घेतला. चौथीतल्या कुणालाच येत नव्हता, त्यामुळं पूनमला वेगळं वाटलं नाही. पाय खरंच दुखतात.

२९ सप्टेंबर, सोमवार. रात्री, जेवणानंतर.

पट वीस. पद वाचलं. स्थलांतराचा प्रकल्प रद्द नाही, फक्त पुढं ढकलला आहे. मार्चमध्ये नव्यानं अर्ज. मौलालीच्या टेम्पोतून कपाट परत आलं, एका दाराला पोचा पडलाय, पण तो निघेल.

जेवताना पूनमनं विचारलं, पप्पा, उद्या येणार का शाळेत.

म्हणालो, हे काय विचारणं झालं. तर ती म्हणाली, वर्गातल्या पोरांनी विचारून यायला सांगितलंय. रोज विचारून यायचं आणि सकाळी सांगायचं. सर येणार नसतील तर ती मेंढरांमागं जातात, डबा आणत नाहीत. यात तक्रार काहीच नव्हती. पाणी कधी येणार विचारतात तसं विचारलं आणि भाकरी खात बसली.

वैजयंती वाढत होती, तिनं वर बघितलं नाही. मी म्हणालो, येणार. पूनम म्हणाली, परवा? म्हणालो, परवाही.

हात धुऊन तिनं आईचा मोबाइल घेतला आणि शगुफ्ता मॅडमना फोन लावला. सर उद्या येणारेत, म्हणाली. पलीकडून मॅडमनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.