टोपीवरचा खांब

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या सकाळचा तुमचा हात अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. छप्पन साली नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलात, अंगावर तेच पांढरे कपडे, आणि दुसऱ्या दिवशी चहाही न घेता म्हणालात, "देव्हारा खाली करा." आईनं खंडोबाचा टाक, मरीमायचा मुखवटा, सगळं नदीत बुडवायला टोपलीत ठेवलं. रडत होती, पण ठेवत होती. आणि त्यातच तुमच्या टोपीवरचा पलटणीचा बिल्ला होता.

तो देव्हाऱ्यात गेला कसा, तर आईच्या भोळेपणानं. तुम्ही लढाईहून जिवंत आलात ते त्या बिल्ल्याच्या पुण्याईनं, असं तिनं ठरवूनच टाकलेलं. रोज हळदकुंकू. त्या थरांखाली बिल्ल्यावर कोरलेला खांब दिसेनासा झाला. तुम्ही चिडायचात, "अवं, तो बिल्ला हाये, देव नाही!" ती ऐकते कशाची! मला मात्र मांडीवर घेऊन सांगायचात, दुसऱ्या पलटणींच्या टोपीवर मुकुट असतो, वाघ असतो, आपल्या टोपीवर खांब. नदीकाठचा, लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांची नावं कोरलेला. "राजा नाही, जनावर नाही पोरी, आपल्या माणसायची नावं." पलटणीचं निशाण जमिनीला लागू देत नाहीत, तेही तुमच्याकडूनच कळलं.

टोपली पाहून मी ओरडले, "बाबा, बिल्ला काढा ना! तो देव नाही, तुम्हीच म्हणता!" तुम्ही तो उचललात. मला हायसं वाटलं. अंगठ्यानं कुंकू खरवडून पाहिलंत आणि परत टोपलीत टाकलात.

"आता काहून?" आईच किंचाळली.

"ज्याले तू कुंकू लावलं, तो देव झाला. माह्या देवाले ठेवायचं अन् लोकायच्या देवाले बुडवायचं, हे कोणतं इमान?"

नदीत कमरेइतक्या पाण्यात जाऊन तुम्ही टोपली उलटी केलीत. मी काठावर थिजून उभी. मला तुमचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगू, तो आजही पुरता गेलेला नाही.

पण खरा हादरा पुढेच होता. चीनच्या लढाईनंतर आपल्या मोहल्ल्यातला एक जवान तुमच्याच पलटणीतून सुट्टीवर आला. तुम्ही हौसेनं त्याची टोपी हातात घेतलीत. टोपीवर खंजीर होता.

"खांब कुठी गेला रे?"

"तो तर कवाचाच बदलला, काका. आता खंजीरच असते."

तुम्ही खाटेवर बसलात. "मले कोणी सांगतलंच नाही," एवढंच म्हणालात. अख्ख्या गावात खांबाचा तो एकच बिल्ला होता, आणि तो तुम्ही आपल्या हातानं बुडवला होता. वाटलं, आता आईवर ओरडाल. नाही ओरडलात. टोपी त्या पोराच्या डोक्यावर नीट बसवून दिलीत, उभे राहिलात आणि त्या खंजिराला कडक सलाम ठोकलात. मला ते बघवेना. मी घरात पळाले.

आता एक सांगते, रागावू नका. उन्हाळ्यात नदी आटली की मी वाळू उकरायला जाते. पात्रात टरबूज-डांगराची वाडी लावणारे हसतात, "काय वं आजी, सोनं सांडलं काय?" मी ऊन सोसेनासं होईस्तोवर उकरत राहते. बिल्ला सापडला तर देव्हारा नसलेल्या घरात ठेवायचा कुठं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.