आडवी लाकडं

ट्वेंटिनाइन पाम्स,
९ नोव्हेंबर

प्रिय कॉर्लिस,

तुझं पत्र आणि अक्रोडांची पिशवी, दोन्ही पोचलं. तुझ्या भावाने पत्र उघडायच्या आधी अक्रोड फोडायला घेतले, यावरून तब्येतीची कल्पना करून घे. थंडी सुरू झाली आहे. सकाळी जाकीट, दुपारी टोपी. तुझ्या या ओरिनचा गुडघा कुरकुरतो, तोंड त्याहून जास्त.

शनिवारी आम्ही अजूनही राष्ट्रीय उद्यानातल्या पिकनिकच्या जागी स्वयंसेवक म्हणून असतो. टेबलं पुसायची, शेगड्यांतली राख काढायची, आणि मग ओरिनचं लाडकं काम: मागच्या शिळांमधल्या मैलभराच्या फेरीच्या वाटेची देखभाल. इथल्या रेतीत चार पावलं उमटली की तीही वाट वाटायला लागते. म्हणून जिथे वाट नाही तिथे तो वाळकं लाकूड आडवं टाकतो. इथली पोरंसुद्धा ते ओलांडत नाहीत. लाकूड दिसलं की वळायचं.

गेल्या महिन्यात एक बाई आणि तिच्या दोन मुली ऐन दुपारी शिळांमध्ये भरकटल्या. सुखरूप सापडल्या, पण धाकटीच्या ओठांवर पापुद्रे आले होते. आमची रेंजर मारिसोल म्हणाली, कुणीतरी चेष्टेने खऱ्या वाटेवरच लाकडं टाकली होती. ओरिन असा भडकला! "असल्या कार्ट्यांना निवडुंगावर बसवा," म्हणाला.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम मागे रेंगाळले. मोठ्या शिळेच्या वळणावर त्याने एक फांदी उचलली, आडवी ठेवली, हलत नाही ना ते पाहिलं, हात झटकले. काम नेहमीसारखं नेटकं. फक्त वाट खरी होती.

तो पुढे गेला की फांदी उचलून बाजूला ठेवायची, हे तेव्हापासून माझं काम झालं. फोनवर तुला 'मजेत आहे तो' म्हणत होते, तेव्हाही हेच चाललं होतं. त्याच्याकडून हे काम काढून घ्यायला माझं मन धजेना, कॉर्लिस. आणि एखादी फांदी माझ्या नजरेतून सुटली तर, या विचाराने झोप लागेना.

काल तो मध्येच परत फिरला. फांदी माझ्या हातात.

"काय गं आर्डिथ, माझीच लाकडं चोरतेस?"

"वाट मोकळी करतेय."

"ही वाट?"

"हीच, ओरिन."

त्याने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मग टोपी काढून शिळेला टेकला.

"त्या मुली... मीच ना?"

"हो."

"मारिसोलला सांगितलंस?"

"नाही."

"मग तू माझ्याहून वाईट पहारेकरी आहेस," तो म्हणाला, आणि माझा हात घट्ट धरला.

खाली आल्यावर तो स्वतःच मारिसोलपाशी गेला आणि त्याने सगळं सांगितलं. पोरगी रडवेली झाली. "ओरिनकाका, टेबलांचं तुम्हीच बघा, पण वाटेचं..."

"वाटेचं ही बघेल. लाकडं उचलायला मी आहे. कुठे ठेवायची ते ही बोटाने दाखवेल."

"जन्मभर दुसरं काय केलंय मी?" मी म्हटलं. तेव्हा कुठे तो हसला.

गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, गुडघ्यासाठी नाही. तुला कळवायचं का, असं विचारल्यावर त्याने आधी एक अक्रोड फोडला. मग म्हणाला, "तूच लिही. माझ्याच्याने होणार नाही."

सवड झाली की ये, असं मी दर पत्रात लिहिते. आता सवडीसाठी थांबू नकोस. तुला ती फेरी स्वतः दाखवायचं त्याच्या मनात आहे. त्याला पुढे चालू दे, तू त्याच्याबरोबर राहा. दोघांच्या मागे मी आहेच.

तुझ्या भावाची, म्हणून तुझीही,
आर्डिथ