हळदीच्या डब्यातली किल्ली

अहो,

आता यापुढं काय लिहू? सारा संसार 'अहो'वरच झाला, तुमचं नाव काही तोंडात आलं नाही. तेव्हा पत्रातही तेवढ्यावरच भागवते.

पण आज लिहायलाच हवं असं घडलं. आज भर दुपारी मी चोरी करताना सापडले! आपल्याच घरात, आपल्याच फ्रिजसमोर. आणि पकडलं कुणी? आपल्या सूनबाईनं, रेश्मानं. हसताय ना? हसा, हसा. तुमचा हक्कच आहे तो.

यंदा होळीच्या सुमाराला मलाही शुगर निघाली. व्हय, मला! तुम्हाला उठता-बसता "साखर सोडा" म्हणणारीला. गोड बंद, भात चमचाभर. चहा तर असा बेचव की कपाकडं बघवत नाही.

गेल्या दिवाळीला आपल्याकडं कढई चढली नाही, तुम्ही गेल्याचं वर्ष होतं. फराळाची ताटं शेजारपाजारहून आली. यंदा रेश्मा म्हणाली, "आई, चकल्या-लाडू होतीलच, पण तुमच्यासाठी बिनसाखरेची चॉकलेटं करू."

"चॉकलेटं? मी काय बालवाडीत जाते काय गं?"

ऐकेल तर ना! आपल्याच रानातले शेंगदाणे भाजले, सालं पाखडली, मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवले. घरचं तूप, कोको पावडर, सुकं खोबरं, मिठाची चिमूट. आणि गोडव्याला कसल्याशा पाल्याची पांढरी पूड, नखभर. मला म्हटलं, एवढ्याशानं काय गोड होतंय! तिची पाठ फिरली तसा मी गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा पातेल्यात सोडला. हाताची सवय हो, दुसरं काय!

रेश्मानं चाखलं आणि कपाळावर हात मारला. "आई, हे आपण कुणासाठी करतोय?" ते पातेलं गल्लीतल्या पोरांनी बोटांनी चाटून लख्ख केलं. दुसऱ्या वेळी तिनं मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. बर्फाच्या ट्रेत ओतली, वर एकेक बदाम लावला. "दिवसाला दोन. बिनसाखरेची असली तरी मोजूनच."

मी पाच खाल्ली.

काय करू? आधी जरा कडसर लागतं, मग शेंगदाणा येतो आणि मग गोड, अगदी हळू. किती महिन्यांनी जिभेला गोड लागलं! चौथं खाताना मात्र तुमची आठवण झाली आणि ते कुलूप डोळ्यांपुढं आलं.

तुम्ही काय कमी छळलंत मला? लाडवाचा डबा ज्वारीच्या कोठीत लपवा, गोधड्यांत लपवा, तुम्हाला बरोबर सापडायचा. आपल्या शनिशिंगणापुरात घराला दार नाही, तिथं डब्याला कुलूप कुठलं लावणार? फ्रिज आणला तेव्हा त्याची किल्ली तुम्ही दुकानातच परत दिली होती. "आमच्या गावात चालत न्हाई." आणि मी? तुमच्या शेवटच्या दिवाळीला सोनईच्या बाजारातून कुलूप घेऊन आले. दुकानदारानं गाव विचारलं तर बेधडक घोडेगाव सांगितलं! लाडू पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, वर गोधडी. किल्ली हळदीच्या डब्यात.

तुम्ही गोधडी उचललीत, कुलूप पाहिलंत, गोधडी परत नीट घातलीत आणि रानात निघून गेलात. भांडायचं तरी होतं! एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारे तुम्ही. सबंध दिवाळी लाडवाचं नाव काढलं नाहीत आणि संक्रांतीच्या आत गेलातसुद्धा. माझा माणूस माझ्यावर रुसून गेला, असंच मी तेव्हापासून धरून बसले होते. गावाची रीत मोडली, तीही तुमच्याचविरुद्ध. कुणापाशी बोलले नाही मी हे.

आज पाचवं तोंडात होतं आणि मागून आवाज आला, "आई!"

हनुवटीला कोको, फ्रिज सताड उघडा. म्हटलं, आता बोलणी बसणार. तर ही कमरेवर हात ठेवून म्हणते, "सोनईहून कुलूप आणू का आता?"

मी तोंडातलं कसंबसं गिळलं. "तुला कुणी सांगितलं?"

"आण्णांनी. त्याच दिवाळीत. मी त्यांना म्हटलं, किल्ली शोधून देऊ का? तर मला बोटं दाखवली, पिवळी झालेली. म्हणाले, 'हळदीच्या डब्यात हाय, घावली मला. पर परत ठिवली. शनिदेवाला भ्याली न्हाई ती, माझ्या शुगरला भ्याली. लई जीव हाय तिचा माझ्यावर. तिला सांगू नगं, न्हाईतर दुसरीकडं लपवील!'"

अहो! किल्ली हातात घेऊन परत ठेवलीत? आणि मला एक शब्द नाही? इकडं मी जिवाला लावून घेतलंय आणि तुम्ही सुनेपाशी माझं कौतुक करताय! मी तिथंच फ्रिजसमोर फतकल मारून बसले. आधी रडले, मग आम्ही दोघी पोट दुखेस्तोवर हसलो. रेश्मा माझी हनुवटी पुसत होती आणि मला तुमची ती पिवळी बोटं दिसत होती.

मग उठले आणि हळदीच्या डब्यात हात घातला. किल्ली अजून तिथंच आहे.

उद्या पाडवा. तुमच्या फोटोपुढं दोन चॉकलेटं ठेवीन. तुमच्या वाटची प्रसाद म्हणून मी उचलणार नाही, शेजारच्या पोरांना देईन. चॉकलेटांचा डबा फ्रिजमध्ये अगदी पुढंच ठेवलाय, कुलूप नाही की लपवाछपवी नाही. तुम्ही किल्ली परत ठेवलीत ना माझ्यासाठी? मीही दोन झाली की हात मागं घेईन. वचन देते.

उद्यापासून हं. आजची पाच झालीत.

तुमचीच,
पिवळ्या बोटांची मंदा