चार नावांची गाडी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

नापास! जर्मनीतल्या सक्तीच्या गाडी-तपासणीत ट्यूफच्या तपासनिसाने गाडीखाली दिवा धरला आणि बोटाला लागलेलं ब्रेक ऑइल मला दाखवलं. मास्टर सिलिंडर गळतोय. महिन्याच्या आत दुरुस्त करून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावर काढायची नाही. म्हणजे ६ नोव्हेंबर.

ठीक आहे. एकतीस वर्षांची ओल्ड्समोबिल आहे, गळेल थोडी. मी सत्तर वर्षांची आहे, माझेही गुडघे वाजतात. मला कोणी भंगारात काढलं का?

७ ऑक्टोबर

गॅरेजवाल्या लुट्झने कॉम्प्युटरवर गाडीचं नाव टाकलं. काही नाही. "फ्राऊ वाहुळे, हा ब्रँड २००४ सालीच बंद केला त्यांनी. पार्ट कुठून आणू?"

"बंद केला ते मला माहीत आहे. सिलिंडर कुठे मिळेल ते विचारते आहे."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि हसला. पार्ट नाहीच.

८ ऑक्टोबर

धम्मपालला फोन केला. आपला मुलगा गेर्लिंगेनला गाड्यांच्याच पार्टांच्या कंपनीत इंजिनियर — काही उपाय सांगेल, ही माझी आशा!

"आई, तुझ्या वाल्डॉर्फला बस आहे, एस-बानची लोकल आहे. देऊन टाक ना."

"कोणाला?"

"भंगारवाल्याला."

फोन ठेवला. मीच.

ही गाडी यांनी नव्व्याण्णव साली घेतली, हायडेलबर्गहून मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून. यांच्या संशोधन संस्थेतले सगळे हसले — एवढासा संशोधक आणि गाडी म्हणून हा पलंग! हे म्हणाले, "माझ्या बापाला स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसू दिलं नाही गावाने. मी पलंगावर बसून लॅबला जाईन. हसा." हे गेले त्याला चार वर्षं झाली. पलंग आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसले, वंदना घेतली, खीर केली. नातीची, क्रांतीची, शाळा सुटल्यावर धम्मा तिला घेऊन आला.

"मंगळवारी कशी काय रजा?"

"उरलाउब शिल्लक होता."

नात थेट गाडीत जाऊन बसली. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर जर्मनमध्ये. "आजी, दास इस्ट या आइन सोफा!" सोफा तर सोफा. निदान भंगार तरी म्हणाली नाही.

खीर खाताना धम्मा म्हणाला, "आई, काही गोष्टी बंद होतात. चांगल्या असूनही होतात. कोणीतरी टेबलाशी बसून ठरवतं, आणि संपतं. आपण मान्य करायचं."

"तुम्ही मोठ्या कंपनीतली माणसं. जुनं झालं की फेका — एवढंच शिकलात."

त्याने खीर अर्धी ठेवली. लहानपणापासून कधी टाकली नाही. मी जास्त बोलले असेन. असो.

१५ ऑक्टोबर

लुट्झकडून गळका सिलिंडर काढून आणला. जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवलाय. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

१९ ऑक्टोबर, रविवार

मूर्ख बाई! औरंगाबादची बीएस्सी, संस्थेच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी काय दटावायचे मी? नावाने शोधू नका, नंबराने शोधा! आणि स्वतः बारा दिवस नाव घेऊन दारोदार!

सिलिंडर घासला. भिंग धरलं. अंगावर नंबर कोरलेला. तो कॉम्प्युटरवर टाकला — आणि निघालं ना! ब्यूइकला हाच बसतो. पॉन्टिअॅकला हाच. शेवरोलेला हाच. वर नावं चार, दुकानं चार, मालक कंपनी एकच, आतून गाडीही एकच! चारपैकी दोन नावं आज उरली नाहीत. कशी उरतील? गिऱ्हाइकाने विचारलं असणार, तुझ्यात वेगळं काय? उत्तर नव्हतं.

सासऱ्यांनी छप्पन साली धम्म स्वीकारून नवं नाव घेतलं. पण त्या दिवशी घरातला देव्हाराही उचलला, आणि दुसऱ्या दिवसापासून पाटलाच्या दारात वाकणं बंद. नाव बदलायचं तर असं. नुसती पाटी बदलून भागत नाही.

२७ ऑक्टोबर

नेदरलँड्समधल्या एका जुन्या पार्टांच्या दुकानात ब्यूइकचा सिलिंडर सापडला. न वापरलेला, खोक्यातला. फोटो मागवला, आकडा न् आकडा ताडला. मग म्हटलं, पाठव.

३ नोव्हेंबर

आला. लुट्झ म्हणतो, "पण खोक्यावर दुसऱ्याच गाडीचं नाव आहे." म्हटलं, "खोकं फेका. बसवून बघा."

बसला!

५ नोव्हेंबर, बुधवार

पास! एक दिवस राखून!

तशीच हायडेलबर्गपर्यंत नेली. नेकर नदीच्या पुलावर मागची छोटी गाडी घाईत होती. असू दे. मी माझ्या वेगाने गेले.

नंबरप्लेटवरच्या नव्या स्टिकरचा फोटो धम्माला पाठवला. खाली लिहिलं — "बंद पडलेली चालू झाली. आता तू मान्य कर!"

त्याने पाहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला धम्मा दारात. बॅग नाही, गळ्यात ऑफिसचं कार्ड नाही. ओट्याशी उभा राहून म्हणाला, "आई, आमचा विभागच बंद केला. सप्टेंबरपासून घरी आहे. कंपनीचं नाव सांगितलं की लोक खुर्ची द्यायचे. आता ते नावच माझ्यामागे नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार?"

म्हणजे खीर खाताना तो गाडीबद्दल बोलतच नव्हता.

मी संस्थेच्या स्टोअरची जुनी कोरी नोंदकार्डं काढली. पेन दिलं. "वर कंपनीचं नाव लिहायचं नाही. तुला काय काय येतं, तेवढं लिही."

लिहितोय. एक कार्ड भरलं. दुसरं दिलं.