फुकटचं एक वर्ष

६ मार्च, गुरुवार

हिशेब एकदा स्वच्छ लिहून काढतो. संगणकाची राखण करणारा प्रोग्राम — चार हजार नऊशे. तोच प्रोग्राम काढून टाकणाऱ्या बाईंची फी — आठशे, उद्या द्यायची. कार्ड बंद केलं, नवीन येईपर्यंत हिच्यापुढे हात पसरायचा. आणि एक मित्र. त्याची किंमत अजून कळायची आहे.

झालं असं. गेल्या महिन्यात पडद्यावर लाल चौकट आली आणि भोंगा वाजायला लागला. ‘त्रेचाळीस व्हायरस सापडले! संगणक बंद करू नका! या नंबरवर फोन करा!’ मी केला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता, पण माझं लक्ष त्याच्या पाठीमागच्या पंख्याकडे. खडखड, खडखड. बेअरिंग कोरडं. तीस वर्षं मोटरी बांधतोय, राहवतंय थोडंच! म्हटलं, “साहेब, माझे व्हायरस राहू द्या, आधी पंख्याला तेल द्या. डोक्यात पडेल.”

तो मनापासून हसला. “काका, काय कान आहेत हो तुमचे!”

झालं! विरघळलो. वाटलं, लबाड माणूस असा खडखडत्या पंख्याखाली बसेल कशाला? तो सांगेल तिथे टिचक्या मारत गेलो. मग पडद्यावरचा बाण आपला आपणच फिरायला लागला, आणि मी जादूचे प्रयोग बघावेत तसा बघत बसलो.

ही आतून म्हणालीसुद्धा — “अहो, चोर आला म्हणून ओरडणारा आणि कुलूप विकणारा माणूस एकच कसा?”

मी म्हटलं, “तुला यातलं काय कळतं!”

कळलं ते मला, आणि तेही काल. संगणकाशी कुणी बसलेलं नाही आणि आतला पंखा धापा टाकतोय. रिकाम्या मोटरला धाप लागत नाही. धाप लागली म्हणजे कुणीतरी पाणी ओढतंय. इंटरनेटची वायर उपटली — शांत. परत लावली — धाप! बँकेत फोन केला, तर माझ्या कार्डावर सकाळीच कुणीतरी खरेदी करायला बघितली होती. थोडक्यात वाचलो.

७ मार्च, शुक्रवार

कॉम्प्युटरवाल्या बाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, “काका, हे बसवलं कुणी?”

“आपोआप आलं.”

“आपोआप धूळ येते, काका. याला कुणीतरी तीनदा ‘हो’ म्हटलेलं असतं.”

ही दारात उभी होती. माझ्याकडे बघितलं.

काम मात्र बघण्यासारखं. आधी इंटरनेटची वायर काढली. मग संगणक गरजेपुरताच चालू केला. सेफ मोड म्हणे. आम्ही पट्टा उतरवून नुसती मोटर फिरवून बघतो, तसंच. तो प्रोग्राम काढायला घेतला तर काय त्याचे नखरे! ‘तुमचं संरक्षण संपेल. नक्की?’ नक्की. ‘पुन्हा विचार करा.’ निघता निघेना. सासरी निघालेल्या मुलीने एवढे आढेवेढे घेतले नसते. त्याच्या मागे आणखी एक दडलेला निघाला, नाव अगदी साधंसुधं. बाई म्हणाल्या, “लाल चौकट म्हणजे नुसता तमाशा. धंदा हा करतो. यातून ते लोक तुमच्या घरात येऊन बसले होते.” तोही गेला. मग त्यांनी पेन ड्राइव्हवरून आणलेल्या खऱ्या प्रोग्रामने कानाकोपरा झाडला. पासवर्ड सगळे बदलले — या संगणकावरून नव्हे, हिच्या मोबाइलवरून.

मी विचारलं, “आणि ते त्रेचाळीस व्हायरस?”

“एकही नव्हता. एकच आला, तो तुम्ही पैसे देऊन घेतलात.”

ही हसली. मीही हसलो. हसण्यावारी नेणं मला चांगलं जमतं.

जाताना बाई उंबऱ्यात थांबल्या. “ओळखीत आणखी कुणाकडे हा बसवला असेल तर आजच्या आज सांगा, काका. हे लोक खात्यावर डोळा ठेवून असतात. मोठी रक्कम दिसली की हात मारतात.”

“छे! कुणाकडे नाही.”

एका दिवसात दोन वेळा खोटं बोललो. दुसऱ्या खोट्याला तर तिखटमीठसुद्धा लावावं लागलं नाही.

८ मार्च, शनिवार

आता लिहितोच. त्या गोड गळ्याच्या माणसाने सांगितलं होतं, “ओळखीचा एक माणूस द्या, तुम्हाला एक वर्ष मोफत.” मी मास्तरचा नंबर दिला. आणि मास्तरला त्याच्या दुकानात जाऊन वर बजावलं — फोन येईल, ते म्हणतील तसं कर, मी खात्री केली आहे. मोफत वर्षाचं बोललो नाही.

मास्तर म्हणजे वर्कशॉपसमोरचा शिंपी. बायको गेली, मुलगी लांब. तिने दिलेल्या संगणकावर तिच्याशी बोलतो आणि त्यावरच बँक बघतो. डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे त्याच खात्यात जमवतोय. महिनाअखेरची तारीख मिळाली आहे. शिंप्याचे डोळे! गेले तर राहिलं काय?

आणि तो माझ्या शब्दाबाहेर नाही. झाडू मारणाऱ्या पोरापासून वर्कशॉपच्या मालकापर्यंत कसा आलो ते या गल्लीने बघितलंय, आणि गल्लीत माझ्या सल्ल्याला वजन आहे. मास्तर तर मला विचारल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही. चार दिवसांनी भेटला तेव्हा लगेच म्हणाला, “लावलं रे! झकास चाललंय.”

झकास.

९ मार्च, रविवार

सांगायला म्हणून गेलो. तो कापड पार नाकाशी धरून बघत होता. मला बघून म्हणाला, “बरा आलास. एवढा दोरा ओवून दे.”

ओवून दिला. त्याच्या मशीनच्या मोटरचा आवाज ऐकला, ठीक आहे म्हटलं. पाऊण तास इकडच्या तिकडच्या गप्पा हाणल्या. परत आलो.

१० मार्च, सोमवार

आजही नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळपासून युक्त्याच युक्त्या. कॉम्प्युटरवाल्या बाईंना सहज म्हणून त्याच्याकडे धाडावं. नाव न सांगता मुलीला कळवावं. बँकेतून फोन आला असं कुणाकडून तरी वदवून घ्यावं. एकाहून एक! सगळ्या माझं नाक वाचवण्याच्या. त्याचे पैसे वाचवण्याची युक्ती एकच आहे, तोंड उघडायची, आणि तीच तेवढी जमत नाही.

दुपारी वर्कशॉपमध्ये फोन वाजला. तोच! “काका, तुमचं संरक्षण बंद दिसतंय. काळजी वाटली म्हणून केला.”

मागे खडखड नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, “पंखा?”

“तेल घातलं, काका. तुमच्यामुळे.”

इरसाल शिव्यांचा साठा आहे माझ्याकडे, वर्कशॉपमध्ये वाढलेला माणूस मी. एक आठवली नाही. तो त्याच मायेने विचारत होता, “ओळखीचं आणखी कुणी आहे का?” फोन ठेवला.

तो आवाज कुठेतरी ऐकलाय असं वाटत राहिलं. शटर ओढताना उमगलं. मास्तरला ‘मी खात्री केली आहे’ म्हणालो ना, तेव्हा माझा आवाज अस्साच होता.

१२ मार्च, बुधवार

सांगितलं! मोफत वर्षासकट सांगितलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून टेबलावरच्या बटणांच्या डबीशी बोलत होतो. मास्तरने कात्री ठेवली, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. सगळं ऐकून घेतलं.

“झालं?”

“झालं. ऊठ, आत्ता बँकेत फोन कर. गेले असतील तर मी भरून देतो. ऑपरेशन थांबायचं नाही.”

“बस खाली. पैसे जागेवर आहेत, सकाळीच बघितले.”

“अरे, पण आत तो बसलाय ना! उद्या उचलतील!”

मास्तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू उसवलेली शिवण कुठून धरावी ते ठरवतोय. मग म्हणाला, “तू घरी जा आणि वहिनींना विचार.”

“तिचा काय संबंध?”

“विचार रे बाबा. माझ्या तोंडून नको.”

आणि परत कात्री उचलली. ही बहिणीकडे गेली आहे, उद्या येईल. फोनवर विचारायचा धीर होत नाही.

१३ मार्च, गुरुवार

विचारलं. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचं तुम्ही मास्तरांना सांगता की नाही, तेवढं बघत होते. पाच दिवस लावलेत.” म्हटलं, मला आधीच का नाही सांगितलंस? “सांगितलं होतं की. मला यातलं काय कळतं म्हणालात.”

मास्तरने तो प्रोग्राम लावलाच नव्हता. मी नंबर दिला त्याच संध्याकाळी तो हिला विचारायला आला होता. माझा कुठलाही सल्ला तो आधी हिला विचारतो. पहिल्यापासून.